कुठल्या ऑपरेशनची खोड परवडेल?

वाचकांचे प्रश्न : वजनाची ऑपरेशनं

प्रश्न : डॉक्टर मॅडम, सप्रेम नमस्कार. मी तासगाव तालुक्यातली. वय ४३, उंची १५५ सेंटिमीटर, वजन १०४ किलो. आठ वर्षं शुगर आहे, दोन गोळ्या चालू आहेत. तीन महिन्यांची शुगर परवा ९.१ आली. रात्री आडवं झालं की घशाशी आंबट पाणी येतं, म्हणून रोज सकाळी पित्ताची गोळी घेते. गुडघ्यासाठी मेडिकलमधून गोळी आणते ती वेगळीच. आम्ही माळकरी, घरात अंडंसुद्धा येत नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी स्लीव्ह सांगितलं, कोल्हापूरच्यांनी मिनी बायपास. माझ्या मावसबहिणीचं मुंबईत स्लीव्ह झालं, तिचं ३५ किलो उतरलं. मिस्टर म्हणतात, पोटाची पिशवी काप म्हटलं तर काप, पण आतड्याला हात लावू देणार नाही. सासूबाई तर ‘बायपास’ ऐकून रडायलाच लागल्या, त्यांना वाटलं माझं हृदय गेलं. दरवर्षी माउलींच्या पालखीला लोणंदला जाते, पण चार पावलं चालून टेम्पोत बसते. एकदा तरी लोणंद ते तरडगाव चालायचं आहे. कशाने जास्त वजन उतरेल तेवढं सांगा, तेच करून घेते.

उत्तर : ताई, आधी एक सांगून टाकते, मी सर्जन नाही. सांगलीत पस्तीस वर्षं फिजिशियन म्हणून बसते. ही ऑपरेशनं मी करत नाही, त्यामुळे अमुकच करा म्हणण्यात माझा काही फायदा नाही. पण ऑपरेशन झालेली माणसं वर्ष-दोन वर्षांनी थकवा, रक्त कमी, पाय वळतात असं काहीतरी घेऊन माझ्याच बाकावर येऊन बसतात. मला दिसतं ते तिथून.

तुमचा शेवटचा प्रश्न मात्र मी बाजूला ठेवणार आहे. कारण बघा. फिनलंडमध्ये २४० जणांना चिठ्ठी टाकल्यासारखं वाटून निम्म्यांचं स्लीव्ह केलं, निम्म्यांचा मोठा बायपास, आणि दहा वर्षं त्यांच्यावर नजर ठेवली. २०२२ साली निकाल छापून आला. स्लीव्हवाल्यांचं जादा वजन ४३.५ टक्के उतरलेलं होतं, बायपासवाल्यांचं ५०.७ टक्के. हे टक्के अंगावरच्या सगळ्या वजनाचे नव्हेत, फक्त जादा वजनाचे. तुमच्या उंचीला ६० किलो ठीक धरले तर तुमच्याकडे जादा आहेत ४४. म्हणजे एकाने १९ किलो, दुसऱ्याने २२. दहा वर्षांनी फरक उरला तीन किलोंचा. ताई, तीन किलो तर आपल्याकडे एका लग्नसराईत चढतात. पहिल्या वर्षात दोन्हीकडे याहून बरंच जास्त उतरतं, मग थोडं परत येतं. मावसबहिणीचे ३५ किलो कितव्या महिन्यातले, ते एकदा विचारा.

मग निवडायचं कशावरून? माझे आजोबा खरसुंडीच्या यात्रेत खिलार बैल घ्यायला जायचे. बैल किती ओढतो हे ते सगळ्यात शेवटी विचारत. आधी खोड विचारत. मारका आहे का, दावं तोडतो का, चालता चालता बसतो का. बिनखोडीचा बैल नसतोच, म्हणायचे, आपल्या गोठ्यात कुठली खोड चालेल तेवढं बघायचं. तुमच्यापुढे तीन बैल उभे आहेत.

पहिलं स्लीव्ह. जठराची बाहेरची फुगीर बाजू उभी कापून काढतात. शंभरातली पंचाहत्तर-ऐंशी टक्के पिशवी जाते आणि केळ्यासारखी अरुंद नळी उरते. भूक लावणारं घ्रेलिन नावाचं रसायन मुख्यतः त्या कापलेल्या भागात तयार होतं, म्हणून सुरुवातीला भूकच मरते. आतड्याला हात लागत नाही, त्यामुळे जीवनसत्त्वांची ओढाताण कमी. खोड अशी, की अरुंद नळीत दाब वाढतो आणि आम्ल वर घशाकडे उसळतं. त्याच फिनलंडच्या लोकांची दहा वर्षांनी दुर्बीण घालून अन्ननलिका तपासली, तर आम्लाने भाजलेली अन्ननलिका स्लीव्हवाल्यांत ३१ टक्के आणि बायपासवाल्यांत ७ टक्के निघाली. आता तुमच्या पत्रातली आंबट पाण्याची ओळ परत वाचा.

माझ्या धाकट्या नणंदेचं नऊ वर्षांपूर्वी स्लीव्ह झालं. वजन छान उतरलं, शुगर नव्हतीच. पण तिला आधीपासून जळजळ होती आणि ऑपरेशनआधी कुणी दुर्बीण घालून पाहिलंच नाही. मीही विचारलं नाही, ते मला अजून लागतं. आज तिच्या पलंगाच्या उशाकडच्या दोन पायांखाली एकेक वीट आहे. रात्री आठनंतर ती पाणीसुद्धा जपून पिते, आणि मुक्कामाला कुठे जायचं झालं तर आधी यजमानांकडे विटा आहेत का विचारते. हे ती हसत सांगते, पण दिवसाला दोन गोळ्या सुटलेल्या नाहीत.

दुसरा मोठा बायपास. सासूबाईंना सांगा, हृदय जागच्या जागी राहतं. जठराच्या वरच्या टोकाला एक लहानशी पिशवी वेगळी करतात. अंड्याएवढी म्हणणार होते, तुमच्यासाठी लिंबाएवढी म्हणते. दोन मोठे चमचे भरतील एवढीच. आतडं कापून त्याचं एक टोक वर आणून या पिशवीला जोडतात, आणि पित्त नि पाचकरस आणणारं दुसरं टोक दीडेक मीटर खाली जोडतात. सांधे दोन. आम्ल तयार करणारा मोठा भाग वाटेतूनच बाजूला पडला आणि पित्त खूप खाली येऊन मिळालं, की घशाशी यायला उरतं काय? म्हणूनच आंबट पाण्यावर या ऑपरेशनासारखा इलाज नाही.

ही कल्पना कुठून आली तेही गमतीचं आहे. मी मिरजेच्या मेडिकल कॉलेजात शिकत होते तेव्हा अल्सरसाठी अर्धं जठर काढायची ऑपरेशनं सर्रास व्हायची. ती माणसं पुढे कधी जाड व्हायचीच नाहीत. नेमकं हेच त्याच्याही आधी अमेरिकेत आयोवा इथे एडवर्ड मेसन यांनी हेरलं होतं, आणि १९६६ साली वजनासाठी म्हणून पहिला बायपास केला. आम्ही मिरजेत तेच बघत होतो, पण आमच्या डोक्यात काही आलं नाही.

याच्या खोडी जास्त आहेत आणि त्या आयुष्यभराच्या आहेत. लोह, बी-१२, कॅल्शियम नीट शोषलं जात नाही. गोड घाईने खाल्लं की ते थेट आतड्यात जाऊन पडतं. नृसिंहवाडीची बासुंदी अर्धी वाटी झाली आणि दहा-पंधरा मिनिटांत छातीत धडधड, दरदरून घाम, पोटात मुरडा. याला डंपिंग म्हणतात. काहींना मी सांगते, ही खोड नाही, हा फुकटचा पहारेकरी आहे. सांध्याजवळ अल्सर होऊ शकतो. आणि वर्षांनंतरसुद्धा आतड्याचा वेढा आतल्या फटीत अडकू शकतो.

तिसरा मिनी बायपास. १९९७ पासून करतात, आपल्याकडे तो बराच चालतो. उभी लांब नळी करून तिला खालून आतडं एकाच ठिकाणी जोडायचं. सांधा एक, वेळ कमी, वजन आणि शुगर दोन्हींवर चांगला. पण मिनी हे सांध्यांच्या संख्येपुरतं. दीड-दोन मीटर आतडं त्यातही वगळलेलं असतं. पित्त मात्र त्याच सांध्यावरून जातं आणि काहींच्यात वर चढतं. फ्रान्समध्ये दोन मीटर आतडं वगळून मोठ्या बायपासशी तुलना केली, २०१९ साली निकाल आला. वजन सारखंच उतरलं, पण जुलाब आणि पोषणाच्या तक्रारी मिनीत जास्त. तुम्ही अंडं-मांस न खाणाऱ्या, बी-१२ आधीच तळाला असणार, आणि शुगरची एक गोळी मेटफॉर्मिन असेल तर तीही बी-१२ खाली ओढते. मला इथे जरा धास्ती वाटते.

शुगरचं म्हणाल तर अमेरिकेतल्या क्लीव्हलंड क्लिनिकने १५० जणांवर केलेली तुलना मी पेशंटना नेहमी सांगते. पाच वर्षांनी तीन महिन्यांची शुगर ६ किंवा खाली ठेवणारे नुसत्या औषधांवर ५ टक्के, स्लीव्हनंतर २३, बायपासनंतर २९. दोन्ही ऑपरेशनं औषधापेक्षा बरीच पुढे, आपसात थोडा फरक. पण ‘शुगर कायमची गेली’ असं कुणी सांगितलं तर तिथे सही करू नका.

म्हणून माझा कौल मोठ्या बायपासकडे, दुर्बिणीच्या तपासणीत अन्ननलिका भाजलेली किंवा जठर छातीत सरकलेलं दिसलं तर जास्तच. दोघा डॉक्टरांपैकी एकानेही हे नाव घेतलं नाही याचं आधी नवल वाटलं. मग लक्षात आलं, तुम्ही त्यांना आंबट पाण्याचं सांगितलंत तरी का? आपल्याकडच्या बायका पित्ताची गोळी औषधात धरतच नाहीत. ‘काय काय गोळ्या चालू आहेत?’ म्हटलं की शुगरच्या दोन सांगतात आणि पाकिटातली तिसरी पाकिटातच राहते. परत जा, दोघांनाही सांगा, आणि मग ते काय म्हणतात ते ऐका. त्यांनी तुमचं पोट तपासलंय, मी फक्त पत्र वाचलंय.

मिस्टरांना एवढंच विचारा : कापून फेकलेली पिशवी परत लावता येते का? नाही. आतडं मात्र गरज पडली तर पूर्ववत जोडता येतं. सोपं नाही, पण येतं. आतडं म्हटलं की पुरुषांना भीती वाटते, पिशवी म्हटलं की वाटत नाही, हे मी पस्तीस वर्षं बघते.

आता बायपास केलात तर काय बदलेल ते. गुडघ्याची गोळी बंद. मेडिकलमधली बहुतेक दुखण्याची औषधं सांध्यावर अल्सर करतात, पॅरासिटामॉल चालते. दाताला मिश्री लावत असाल तर तीही आजपासून बंद. लाजू नका, सर्जन सगळाच तंबाखू बंद करायला लावतात. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व कायम. लोह आणि कॅल्शियम एका वेळी घ्यायचं नाही, मध्ये दोन तास जाऊ द्यायचे. पहिल्या वर्षी तीन-चार वेळा रक्त तपासायचं, पुढे दरवर्षी. आणि ऑपरेशन झाल्या आठवड्यापासूनच शुगरच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून कमी कराव्या लागतात. जुन्या डोसवर राहिलात तर साखर एकदम खाली जाऊन चक्कर येईल.

प्रथिनं रोज किमान ६० ग्रॅम हवीत. वाटीभर वरणात पाच-सहा ग्रॅम असतात, आणि ती वाटी संपवायला तुम्हाला अर्धा तास लागणार आहे. म्हणजे नुसत्या वरणावर गणित बसत नाही. पनीर, सोयाबीन, मोडाची मटकी, घट्ट दही आधी. भाकरी शेवटी, जागा उरली तर. डब्यातली प्रोटीन पावडर बहुतेकदा दुधाची असते, ती माळेला चालते. जेवताना पाणी नाही, अर्ध्या तासाने घोट घोट. पहिलं वर्षभर एकादशी निर्जळी नको, साबुदाण्याची खिचडीही नको. विठोबा समजून घेईल, मूत्रपिंड घेणार नाही.

आणखी एक, हे कुणी सांगत नाही. ऑपरेशनचं पूर्ण नाव, तारीख, सर्जनचा फोन एका कागदावर लिहून लॅमिनेट करा आणि पर्समध्ये ठेवा. चार वर्षांनी मध्यरात्री पोटात कळ उठली तर गावातला डॉक्टर गॅस म्हणून इंजेक्शन देईल आणि घरी पाठवेल. तो कागद पुढे केलात तर सीटी स्कॅनला पाठवेल. अडकलेल्या आतड्याला सकाळपर्यंत थांबायला वेळ नसतो.

मेडिक्लेम असेल तर कागद काढून बघा. विमा नियामकाच्या २०१९ च्या ठरीव शब्दांनुसार बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ४० किंवा वर असेल, आणि आधी साधे उपाय करून उपयोग झाला नसेल, तर निव्वळ लठ्ठपणाचं म्हणून हे ऑपरेशन नाकारता येत नाही. प्रतीक्षेचा काळ मात्र पॉलिसीप्रमाणे. तुमचा बीएमआय येतो ४३.

लोणंदचं म्हणाल तर येत्या आषाढीला घाई नको. त्याच्या पुढच्या वर्षी चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण बघून तसंच पुढे तरडगावला चालत जा, आणि गुडघ्यांनी काय म्हटलं ते मला कळवा.

प्रश्न : वय २७, कराड. उंची १७४, वजन ११२. शुगर-बीपी काही नाही. लग्नाचं बघतायत. पोटात फुगा टाकावा, इंजेक्शन घ्यावं की स्लीव्ह करून मोकळं व्हावं? मुलीकडच्यांना कळायला नको.

उत्तर : तुला अरे-तुरे करते, माझा धाकटा तुझ्याच वयाचा आहे.

फुगा साधारण सहा महिन्यांनी काढतात आणि बहुतेकांचं वजन त्याच्या मागोमाग परत येतं. लग्नाच्या फोटोपुरता आहे तो. इंजेक्शनांचं गेल्या दोन-तीन वर्षांत चित्रच बदललं. टिर्झेपटाइड मार्च २०२५ मध्ये आपल्याकडे आलं, वजनासाठीचं सेमाग्लुटाइड त्याच वर्षी जूनमध्ये. चाचण्यांत दीड वर्षाच्या आसपास पहिल्याने, मोठ्या डोसवर, वीसेक टक्के वजन उतरलं, दुसऱ्याने पंधरा. पण बंद केलं की चढतं. म्हणजे घ्यायचं तर किती वर्षं आणि पैसे कुठून, हे आधी ठरव.

तुझा बीएमआय ३७ आहे. ऑपरेशनच्या रेषेत बसतोस, पण तुझ्या वयाला मी आधी वर्षभर आहार, व्यायाम आणि डॉक्टरच्या देखरेखीखाली इंजेक्शन या वाटेने जाईन. फक्त एक विचार : झोपेत घोरतोस का, श्वास मध्येच थांबतो का? तुला नाही कळणार, खोलीतल्या मित्राला विचार. तसं असेल तर झोपेची तपासणी कर. ती बिघडलेली निघाली तर ऑपरेशन लांबणीवर टाकू नये.

आणि लपवायचं म्हणशील तर कराडात? मांडवात तुला पाच घासांत पुरे होणार, आणि सासुरवाडीची सगळी पंगत ‘जावई जेवले नाहीत’ म्हणून ताटाभोवती उभी राहणार. श्रीखंडाचा आग्रह तू कुठवर चुकवशील? मुलीला आधीच सांग. शिवाय ऑपरेशननंतर दारू फार झपाट्याने चढते. मित्रांच्या हळदीला हे लक्षात ठेव.

प्रश्न : कोरेगावहून लिहिते. चार महिन्यांपूर्वी स्लीव्ह झालं, २२ किलो उतरले. आता कंगवाभर केस जातात. सासूबाई म्हणतात, ऑपरेशनमुळेच. रोज माक्याचं तेल चोळतात. टक्कल पडेल का?

उत्तर : पडणार नाही. झपाट्याने वजन उतरलं की तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस जातात, बाळंतपणानंतर जातात तसेच, आणि सहसा वर्षाच्या आत परत येतात. लोह आणि फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) तपासा, प्रथिनं मोजून खा.

तुम्ही लिहिलेलं नाही, तरी विचारते : उलट्या होतायत का? दोन-तीन दिवसांहून जास्त काही टिकत नसेल, त्यात पाय लटपटत असतील किंवा एकाच्या दोन वस्तू दिसत असतील, तर त्याच दिवशी साताऱ्याला दवाखान्यात जा आणि ‘बी-१ कमी झालं असेल’ हे शब्द स्वतः उच्चारा. ग्लुकोजची सलाईन लावण्याआधी बी-१ चं इंजेक्शन द्यायला लागतं. उलट क्रमाने झालं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

तसलं काही नसेल तर माक्याचं तेल चालू द्या. केस त्याने उगवणार नाहीत, पण सासूबाई रोज डोकं दाबून देतायत, ते कशाला सोडता?